वाचकांचे प्रश्न : लाइट गेली, सेशन उरलं

प्रश्न : सातपूरला आमच्या कारखान्याच्या ऑफिसात उबंटूचा सर्व्हर आहे. संध्याकाळी दोघं-तिघं पाथर्डी फाटा, इंदिरानगरच्या घरून एसएसएचने (दुसऱ्या जागेहून सर्व्हरवर काम करायची सोय) लॉगिन करतात. लाइट गेली की घरचा राउटर बंद पडतो आणि कनेक्शन तुटतं. सकाळी ‘हू’ (कोण लॉगिन आहे ते दाखवणारी कमांड) दिलं तर एकाच माणसाच्या चार-चार ओळी दिसतात. ‘किल’ (प्रोसेस बंद करायची कमांड) देऊनही त्या हटत नाहीत. सर्व्हर रीस्टार्ट करावा का?

उत्तर : रीस्टार्ट नको. आधी ‘हू -यू’ द्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटचा कंस वाचा. तिथे आयपी पत्ता असेल तर ते एसएसएच सेशन. ‘टीमक्स’ असं नाव आणि त्यापुढे आकडा असेल, तर ती टीमक्समधली उघडी खिडकी. लाइट गेली तरी काम चालू राहावं म्हणूनच टीमक्स वापरतात, त्यामुळे ही ओळ शिळी समजून उडवू नका. ज्याची आहे त्याला विचारा, आत रात्रीचा बॅकअप चालू असायचा. चारातल्या तीन ओळी बऱ्याचदा याच निघतात.

कंसाच्या आधी पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) असतो, त्याच्याआधी आयडल वेळ, म्हणजे किती वेळ काही हालचाल नाही ते. टिंब म्हणजे गेल्या मिनिटभरात हालचाल झाली, ‘ओल्ड’ म्हणजे २४ तासांहून जास्त वेळ शांतता.

आता आयपीवाली ओळ. राउटर अचानक बंद पडतो तेव्हा सर्व्हरला निरोप मिळत नाही. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारी सोय) मुळात ७२०० सेकंद वाट बघतो, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारणा करतो. सगळं मिळून साधारण २ तास ११ मिनिटं. म्हणजे रात्री आठला तुटलेलं सेशन सकाळपर्यंत टिकायला नको. टिकलंच, तर एकतर एसएसएचडीच्या (सर्व्हरवरचा एसएसएचचा प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये ‘टीसीपीकीपअलाइव्ह नो’ आहे, नाहीतर समोरचा लॅपटॉप खरोखर जोडलेला आहे. घरी इन्व्हर्टर असला की हे हमखास.

तुमचा ‘किल’ चालला नाही, कारण तो नुसता ‘टर्म’ सिग्नल पाठवतो आणि प्रॉम्प्टवर बसलेला बॅश (आपल्या कमांड घेणारा शेल) तो मानतच नाही. ‘पीएस -टी पीटीएस/३’ देऊन (३च्या जागी तुमचा टर्मिनल क्रमांक) आत काय चालू आहे ते बघा, मग तिथल्या बॅशच्या पीआयडीला सुडोसह ‘किल -हप’ (कनेक्शन तुटल्याचा सिग्नल) द्या. बॅश जाताना आपल्या जॉबनाही (त्यातून सुरू केलेल्या कामांनाही) तोच सिग्नल देतो. विम हा एडिटर उघडा असेल तर तो स्वॅप फाइल (मजकुराची तात्पुरती प्रत) राखून बंद होतो आणि मजकूर ‘विम -आर’ने परत मिळतो. थेट ‘-९’ (सक्तीने बंद) दिलं तर ही आवराआवर होत नाही. ‘पीएस’मध्ये स्थिती ‘डी’ असेल तर ‘-९’सुद्धा लगेच लागू पडत नाही, ती प्रोसेस डिस्क किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी अडकलेली असते.

कायमच्या उपायासाठी एसएसएचडी कॉन्फिगमध्ये ‘क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ६०’ आणि ‘क्लायंटअलाइव्हकाउंटमॅक्स ३’ लिहा. समोरून उत्तर नसेल तर तीन मिनिटांत सेशन बंद होईल. ‘सुडो एसएसएचडी -टी’ने फाइल तपासूनच सर्व्हिस रीलोड करा. चालू सेशनना नवा नियम लागत नाही. काहीजण बॅशचा ‘टीएमआउट’ (ठरावीक वेळ काही टाइप झालं नाही तर शेल बंद करणारी सेटिंग) सुचवतात. तो फक्त रिकाम्या प्रॉम्प्टवर चालतो, विममध्ये बसलेल्याला हात लावत नाही.

प्रश्न : प्रोग्राम मधेच बंद पडला की टाइप केलेलं दिसत नाही. काय करावं? (सिन्नर)

उत्तर : न दिसताच ‘एसटीटीवाय सेन’ (टर्मिनल पूर्ववत करणारी कमांड) टाइप करा. एंटर चालत नसेल तर कंट्रोल-जे दाबा.