एक आउटडोअर, दोन खोल्या : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एका आउटडोअरवर दोन इनडोअर चालवणाऱ्या एसीबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त होती. फ्रिज आणि गीझरचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : आमच्या नव्या घरात दोन बेडरूमना मिळून एकच आउटडोअर असलेला एसी बसवला आहे. आमच्या खोलीतला एकटा लावला तर नुसता वारा येतो, गारवा नाही. उलट सासूबाईंच्या खोलीतला एसी बंद असूनही तासाभरात त्यातून पलंगावर पाणी ठिबकायला लागतं. दोन्ही लावले की बरं चालतं. गॅस कमी आहे म्हणून मेकॅनिकने दोनदा गॅस भरला, फरक पडला नाही. – एक शिक्षिका, सोलापूर

बाई, आता गॅसवर एक रुपयाही घालू नका. लावलेल्या खोलीत गारवा नाही आणि न लावलेल्या खोलीत पाणी, एवढ्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की तुमच्याकडे वायरी एकीकडे आणि पाइप दुसरीकडे जोडले गेलेत.

आउटडोअरच्या बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं की खाली पितळी व्हॉल्व्हच्या दोन जोड्या दिसतात आणि वर वायरींच्या स्क्रूच्या दोन पट्ट्या. बहुतेक कंपन्या दोन्हींवर ‘ए’ आणि ‘बी’ असं छापतात. ‘ए’च्या पट्टीवर ज्या खोलीची वायर, ‘ए’च्या व्हॉल्व्हवर त्याच खोलीचे पाइप, हा सगळ्या कामाचा कणा आहे. तुम्ही रिमोट दाबता तेव्हा तुमची इनडोअर त्या वायरीतून आउटडोअरला कळवते की मला गारवा हवा. आउटडोअर ‘ए’चा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे त्या पाइपात गॅस सोडणारी झडप, उघडते. पण ‘ए’चे पाइप गेलेत सासूबाईंच्या खोलीत! गॅस तिकडे जातो. तिथला पंखा बंद, त्यामुळे कॉइलवरून हवा फिरत नाही. कॉइल शून्याच्या खाली जाते आणि तिच्यावर पांढरा बर्फ धरतो. तो वितळला की पाणी ट्रेमध्ये न मावता जिथून वाट मिळेल तिथून खाली येतं. दोन्ही लावल्यावर दोन्ही व्हॉल्व्ह उघडे आणि दोन्ही पंखे चालू, म्हणून सगळं ठीक वाटतं.

हे तुम्ही घरच्या घरी तपासू शकता, काही उघडायची गरज नाही. दोन्ही एसी लावा. खोल्या जरा गार झाल्या की तुमचा रिमोट ३० वर आणि सासूबाईंचा १८ वर ठेवा. अर्ध्यापाऊण तासाने तुमच्या खोलीत गारठा वाजायला लागला आणि सासूबाई घामाघूम झाल्या, तर शंका उरत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. पाइपांना हात लावायचा नाही, आउटडोअरवर दोन्ही केबलची अदलाबदल करायची. एकच वायर नाही, प्रत्येक केबलमधल्या फेज, न्यूट्रल आणि सिग्नल अशा तिन्ही. आधी फोटो काढून ठेवा. एमसीबी पाडल्यावर मेकॅनिकला किमान १० मिनिटं थांबायला सांगा, कारण इन्व्हर्टर बोर्डावरचे कपॅसिटर वीज बंद झाल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टच्या वर भरलेले असतात. घाईने पाना घालणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही, पण उन्हात छपरावर उभा असलेला माणूस घाई करतोच, म्हणून तुम्ही आठवण करून द्या.

आता गॅसचं. आधीचा गॅस पुरेसा असताना दोनदा वर भरला असेल तर तो आता जास्त झालाय. जास्त गॅसनेही गारवा कमी होतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो. योग्य माप आउटडोअरच्या पाटीवर किलोमध्ये लिहिलेलं असतं, पाइप ठरावीक लांबीपेक्षा जास्त असतील तर मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचा तेही माहितीपुस्तकात असतं. आहे तो गॅस मशीन लावून काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचा, म्हणजे पाइपांतली हवा पंपाने ओढून घ्यायची, आणि काट्यावर सिलिंडर ठेवून वजनाने भरायचा. नुसता गेज लावून ‘प्रेशर बरोबर आहे’ म्हणणं इन्व्हर्टर एसीत चालत नाही. कॉम्प्रेसरचा वेग बदलला की प्रेशर बदलतं. पाटीवर आर ३२ लिहिलं असेल तर तो गॅस थोडा ज्वलनशीलही आहे, तो खोलीत किंवा गॅलरीत सोडून देणाऱ्याला थांबवा.

ही चूक होते कशी, हेही सांगते, कारण बाकीच्यांना ती टाळता येईल. दोन्ही केबल एकाच रंगाच्या, दोन्ही पाइपजोड्या एकाच पांढऱ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या, आणि सगळं एकाच भोकातून गच्चीवर. एक जण खाली पाइपांची टोकं पसरवून जोडतो (फ्लेअर करतो), दुसरा वर वायरी आवळतो. मी माझ्या हाताखालच्या मुलांना भिंतीत काही घालण्याआधीच एका खोलीच्या केबलला आणि पाइपला दोन्ही टोकांना लाल टेप लावायला लावते. आणि काम संपल्यावर एक-एक खोली स्वतंत्र चालवून, १५ मिनिटांनी जाळीपाशी हात धरून बघितल्याशिवाय कोणी शिडी उचलत नाही. काही मॉडेलच्या बोर्डावर वायरींची जोडी आपोआप तपासणारं बटण असतं. ते दाबावंच, पण हात धरून बघणं त्याने सुटत नाही.

प्रश्न : डोंबिवलीत फ्लॅटचं काम काढलंय. पुढच्या आठवड्यात पीओपी सुरू होईल. असाच एसी घ्यायचा आहे, पण तो दिवाळीनंतर. आत्ता इलेक्ट्रिशियनला काय सांगू? तो म्हणतो, दोन्ही बेडरूममध्ये १६ अँपिअरचा पॉइंट काढून ठेवतो, बाकी एसीवाले बघतील. – एक वाचक

दादा, बरं झालं आत्ता विचारलंत. पीओपी झाल्यावर हाच प्रश्न दहापट महाग पडतो.

नेहमीच्या स्प्लिट एसीत वीज बहुधा इनडोअरजवळच्या पॉइंटवरून घेतात, म्हणून इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात तेच बसलंय. दोन इनडोअरच्या एसीत बहुतेक ठिकाणी मुख्य वीज थेट आउटडोअरला जाते आणि तिथून प्रत्येक इनडोअरला वेगळी चार कोरची केबल येते : फेज, न्यूट्रल, सिग्नल, अर्थ. बेडरूममधले ते दोन पॉइंट नुसते राहतील आणि आउटडोअरपाशी वीजच नसेल.

तेव्हा डीबीपासून, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या डब्यापासून, आउटडोअरच्या जागेपर्यंत एक स्वतंत्र लाइन ओढून घ्या. त्यावर दुसरं काहीही नको, गीझर तर मुळीच नको. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घाला. २ टनाच्या आसपासच्या मशीनला २.५ सुद्धा चालेल असं कोणी म्हणेल, आणि हिशेबाने ते फारसं चुकीचं नाही. पण भिंत एकदाच फुटते आणि वायरीतला फरक काही शे रुपयांचा असतो. एमसीबी ‘सी’ प्रकारची, पाटीवरचा कमाल करंट बघून २० किंवा २५ अँपिअरची. तिच्याबरोबर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, हवीच. इन्व्हर्टर मशीनसाठी ती ‘ए’ टाइपची मागा. आणि आउटडोअरपासून हाताच्या अंतरावर पाणी न शिरणाऱ्या डब्यात एक आयसोलेटर, म्हणजे वीज तोडायचा स्विच, बसवा. वर काम करणाऱ्या माणसाला वीज स्वतःच्या हाताने तोडता आली पाहिजे, खाली कोणी चुकून चालू करणार नाही या भरवशावर त्याला ठेवू नका.

इनडोअर-आउटडोअरमधली केबल अखंड हवी, मध्ये सांधा नको. वायरी पिळून वर टेप मारलेला सांधा पंखा फिरवेल, दिवा लावेल, पण या केबलमधून दोन बोर्ड एकमेकांशी बोलतात. सांधा थोडा जरी ढिला पडला की एरर कोड येतो, आणि तो पीओपीच्या आत असेल तर शोधणार कुठे? केबल आत्ता टाकायची नसेल तर प्रत्येक खोलीसाठी २५ मिलिमीटरचा वेगळा पाइप टाकून त्यात ओढायची तार सोडून ठेवा.

पाइपांची एक गोष्ट सांगते, ती फार जण चुकवतात. एक टनाच्या इनडोअरला साधारण दोन सूत आणि तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अशी तांब्याच्या पाइपांची जोडी लागते. या प्रकारच्या एसीत एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे बारीक पाइपसुद्धा गार असतो. दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. जाड्यालाच फोम घालून बारीक उघडा ठेवला, तर पावसाळ्यात डोंबिवलीच्या दमट हवेत त्याच्यावर घाम येणार आणि तुमच्या नव्या पीओपीवर पिवळे डाग उमटणार.

ड्रेनला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार ठेवा, मध्ये कुठे पोट यायला नको. पीओपी बंद करण्यापूर्वी इनडोअरच्या जागेवरून तांब्याभर पाणी ओता आणि दुसऱ्या टोकाला उभं राहून बघा. मग उघड्या भिंतींचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून.

प्रश्न : आउटडोअर २ टनाचा आणि इनडोअर १ टन व दीड टन, म्हणजे बेरीज अडीच होते. दुकानदार फसवतोय का? – एक वाचक, नाशिक

नाही. बेरीज जास्त ठेवायची सोय कंपनीनेच दिलेली असते, मात्र कोणत्या जोड्या चालतात त्याचा तक्ता माहितीपुस्तकात असतो, तो बघा. एकच खोली चालू असेल तेव्हा तिला पूर्ण गारवा मिळतो. दोन्ही पूर्ण जोराने चालल्या तर आउटडोअरची ताकद वाटली जाते. दोन्ही खोल्यांत दुपारी माणसं असतात, असं घर असेल तर आउटडोअर मोठा घ्या.

प्रश्न : मालवणजवळ आमचा होमस्टे आहे. आउटडोअरच्या पत्र्याला ओल्या हाताने हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टरही मंद लागतो. स्थानिक वायरमन म्हणाला, न्यूट्रलमधून अर्थ देतो, मग थांबेल. – एक वाचक

ते करू देऊ नका. आजच त्या एसीची एमसीबी पाडा आणि पाहुण्यांना त्या बाजूला जाऊ देऊ नका.

इन्व्हर्टर बोर्डावर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीकडे छोटे फिल्टर कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ जागेवर असेल तर त्यातून येणारा किरकोळ करंट जमिनीत निघून जातो, कळतही नाही. अर्थ तुटलेला असेल तर बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११० ते ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. तुम्हाला जाणवतात त्या झिणझिण्या बहुधा याच. तेवढ्याने सहसा कोणी दगावत नाही. पण उद्या कॉम्प्रेसरची वाइंडिंग खरोखर बॉडीला लागली, तर अर्थ नसल्याने एमसीबी पडणार नाही आणि पूर्ण २३० व्होल्ट त्या पत्र्यावर उभे राहतील. न्यूट्रल जोडून झिणझिण्या थांबतात हे खरं. पण बाहेरच्या खांबावर न्यूट्रल तुटला, आणि वादळात तो तुटतो, की त्याच जोडणीतून घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येतो.

आधी अर्थची वायर आउटडोअरच्या हिरव्या स्क्रूपासून डीबीपर्यंत अखंड आहे का, ते मीटरने तपासून घ्या. पुष्कळदा ती आउटडोअरपाशी नुसती दुमडून ठेवलेली सापडते. वायर ठीक असेल तर दोष अर्थच्या खड्ड्यात. तुमच्याकडे जांभा. तो वीज सहज वाहून नेत नाही आणि मे महिन्यात पार कोरडा पडतो. घराच्या पायाशी जांभ्यात ठोकलेला सळा नावापुरता असतो. माती खोल आहे आणि ओल टिकते अशी जागा शोधा. माडाच्या आळ्याजवळ ती बहुधा मिळते. तिथे अडीच मीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप घाला, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा, लागलं तर थोड्या अंतरावर दुसरा घालून दोन्ही जोडा. नुसतं मीठ ओतत राहिलात तर पाइप लवकर गंजतो. परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थ टेस्टर लावून मोजून घ्या, तेही भर उन्हाळ्यात. अर्थचा रोध ५ ओहमच्या आत यावा असा माझा आग्रह असतो. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, आणि महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबायचं.

प्रश्न : आमच्या गावातल्या वाचनालयाच्या एका मोठ्या हॉलसाठी एक आउटडोअर आणि दोन इनडोअर घ्यावेत का? – विश्वस्त, लातूर जिल्हा

एकाच हॉलसाठी वेगळा प्रकार असतो. त्यात आउटडोअरमधून एकच पाइपजोडी निघते, पुढे ‘वाय’ सांध्याने दोन होतात, आणि दोन्ही इनडोअर एकाच रिमोटवर एकदम चालू-बंद होतात. तो सांधा कंपनीने सांगितलेल्या स्थितीतच बसवावा लागतो आणि पुढच्या दोन्ही फाट्यांची लांबी शक्य तितकी सारखी ठेवावी लागते, नाहीतर एका बाजूला गॅस जास्त जातो आणि हॉलचा एक कोपरा गरम राहतो. दिसायला नीटनेटकं, पण वाचनालयाला मी हे सुचवणार नाही. दोन स्वतंत्र स्प्लिट एसी घ्या, दोन वेगळ्या एमसीबीवर. परीक्षेच्या दिवसांत एक बिघडला तरी दुसऱ्यावर मुलं बसू शकतील, आणि सकाळी चारच माणसं असतील तेव्हा एकच लावता येईल. घेण्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार बघा. कमी असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज आधी करा, एसी नंतर आणा.