चंद्रावरून दिसलेले दोन पट्टे

प्रश्न : अपोलो-१६ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून घेतलेल्या पृथ्वीच्या अतिनील छायाचित्रात रात्रीच्या बाजूलाही दोन उजळ पट्टे दिसतात. ते शहरांचे दिवे की ध्रुवीय प्रकाश? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही नाहीत. छायाचित्र एप्रिल १९७२ मधलं. जॉर्ज कॅरुथर्स यांनी तयार केलेला, सोन्याचा मुलामा दिलेला कॅमेरा यानाच्या सावलीत उभा केला होता. तो अजून चंद्रावरच आहे, परत आली ती फक्त फिल्म. मी हा फोटो वर्गात लावायचो तेव्हा पोरं हमखास ‘ध्रुवीय प्रकाश!’ म्हणायची. फोटोखालच्या छापील ओळीतही कधीकधी तसंच असतं, पोरांना काय बोलणार? पण पट्टे विषुववृत्ताच्या दोन बाजूंना आहेत, ध्रुवापाशी नाहीत.

हा ऑक्सिजनच्या अणूंचा उजेड. तीनेकशे किलोमीटर उंचीवर दिवसा सूर्य या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करतो. रात्री ते आयनांना, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना, पुन्हा येऊन मिळतात आणि १३०.४ व १३५.६ नॅनोमीटरचे किरण बाहेर पडतात.

मग मधे अंधार का? चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जिथे आडव्या असतात तिथे, दिवसा विद्युतक्षेत्र या भारित वायूला वर उचलतं. वर गेलेला वायू चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्हीकडे साधारण १५ अंशांवर उतरतो. शास्त्रज्ञ याला कारंजंच म्हणतात. जिथे वायू साचतो तिथे उजेड नुसता वाढत नाही, उसळतो. आठवडी बाजारात सासरची आणि माहेरची दोन्हीकडची माणसं दुप्पट आली, तर गाठीभेटी चौपट होतात. आयन आणि इलेक्ट्रॉन यांचंही तेच.

चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं. रॉकेट सोडायला केरळातलं थुंबा निवडलं ते त्यामुळेच. उत्तरेचा पट्टा साधारण गुजरात-मध्य प्रदेशावर येतो, म्हणजे तुमची सांगली कारंज्याच्या उतारावर! तरी गच्चीत जाऊन उपयोग नाही. हे अतिनील किरण खालच्या हवेतला ऑक्सिजनच गिळून टाकतो. त्याच थरांतून येणारा ६३० नॅनोमीटरचा तांबडा उजेड मात्र जमिनीपर्यंत पोचतो. डोळ्यांना तो फार मंद, पण कोल्हापुरातून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या कॅमेऱ्याने तो टिपला आहे. त्यासाठी निरभ्र, अमावास्येच्या आसपासची रात्र लागते. चंद्र वर असला की काम बंद.