शब्दशंका : कापूस 'जिन' होतो म्हणजे काय?

प्रश्न : आमच्या गावात सरकी काढायच्या कारखान्याला 'जीन' म्हणतात. इंग्रजीच्या उताऱ्यात 'द कॉटन इज जिन्ड' असं वाक्य आलं आणि दारूच्या नावावरून वर्गात खसखस पिकली. हे क्रियापद कुठून आलं, आणि ते कुठे वापरायचं?
– एक विद्यार्थिनी, धरणगाव

उत्तर : दारूचा इथे काडीचाही संबंध नाही. ती जिन डच 'येनेव्हर'वरून, म्हणजे जुनिपरच्या फळांवरून आली. अहिराणीत 'आबा जीनमा गयात' (आबा जीनमध्ये गेले) म्हणतात, त्यातला जीन आहे 'एंजिन'चा धाकटा भाऊ. लॅटिन 'इन्जेनियम' म्हणजे उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'एन्जिन' झालं : आधी युक्ती, मग युक्तीनं केलेलं साधन. इंग्रजीत सुरुवातीचं 'एन' गळून 'जिन' उरलं. सापळ्यालाही पूर्वी तेच म्हणत. इंजिनिअरही याच घराण्यातला. एली व्हिटनीनं १७९४ साली अमेरिकेत पेटंट घेतलं ते तारेच्या दातांच्या 'कॉटन जिन'चं. त्या यंत्रानं तिथली कपाशी वाढली आणि गुलामीही, हे विसरू नये.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डबल रोलर, म्हणजे दोन रुळांची यंत्रं चालतात. कुणा जाणत्यासोबत आत जाऊन बघ. चामड्याचा रूळ तंतू धरून पोलादी पट्टीखाली ओढतो. सरकी त्या फटीत मावत नाही. हलती पट्टी तिला ठोकते आणि ती खाली पडते. तेवढीच क्रिया म्हणजे 'जिन'. पिंजण्याला 'कार्ड', कातण्याला 'स्पिन'. 'जिन्ड', 'जिनिंग' लिहिताना 'एन' दोनदा. अमेरिकन लोक 'जिन अप'ही म्हणतात, म्हणजे एखाद्या गोष्टीची मुद्दाम हवा करणं. तिथे कापूस शोधू नकोस.

मला कळकळ आहे ती कापसाच्या भावाची. इंग्रजीत बोंडातून वेचलेलाही कॉटन आणि जीनमधून निघालेलाही कॉटन. आपण मात्र कापूस, सरकी, रुई असं वेगवेगळं म्हणतो. इंग्रजी बातमीत भाव 'पर कँडी', म्हणजे खंडीला दिला असेल, तर तो ३५६ किलो रुईचा, म्हणजे 'जिन्ड' मालाचा. आपला शेतकरी विकतो सरकीसकट कापूस, तोही क्विंटलवर. एका क्विंटलमधून रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो. म्हणजे एका खंडी रुईला साडेदहा क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. घरी भाव वाचून दाखवताना आधी शब्द बघ : 'लिंट' किंवा 'जिन्ड कॉटन' असेल तर रुई, 'सीड कॉटन' असेल तर आपला कापूस. भाषांतरातही 'जिन केलेला कापूस' लिहू नकोस, सरळ रुई लिही. छापील मजकुरातसुद्धा हा घोळ होतो आणि माणसं खंडीचा भाव क्विंटलला लावून बसतात. शिवाय सरकीचे पैसे वेगळे. रुईच्या भावात ते धरलेले नसतात.