पुण्यात फ्लॅटमध्ये राहून गाड्यांची स्केल मॉडेल्स बांधता येतील का? सुरुवात कशी करू?

तुम्ही विचारलंय की कोथरूडला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, नोकरीतून रविवार तेवढा मोकळा मिळतो, आणि प्लास्टिकच्या किटमधून गाडी बांधायची आहे. तर किट कोणतं घ्यावं, एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेनसारखं हत्यार) लागतोच का आणि रंगाच्या वासाचं काय करायचं? मी अकरा वर्षं हे करतोय, तेही चार फूट रुंदीच्या गॅलरीत. जमतं. फक्त सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या: गाडीच्या मॉडेलमध्ये सुटे भाग जोडणं हे सोपं काम आहे. खरं काम रंगाचं.

रणगाड्याच्या किंवा जुन्या विमानाच्या मॉडेलला चिखल लावता येतो, गंज दाखवता येतो, आणि त्याखाली बऱ्याच चुका झाकल्या जातात. गाडी चकचकीत असते. बॉनेटवर राहिलेला धुळीचा एक कण, दारावरचा एक ओघळ, सगळं लांबून दिसतं. म्हणून माझा सल्ला रंगापासूनच सुरू होतो.

पण आधी किट. १/२४ हे माप घ्या. यात खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलवर अर्धा इंच, त्यामुळे बहुतेक गाड्या हाताच्या पंजापेक्षा थोड्या लहान-मोठ्या होतात आणि फ्लॅटच्या कपाटात मावतात. अमेरिकन किट बरीचशी १/२५ मध्ये असतात, शेजारी ठेवली तरी फरक जाणवत नाही. १/४३ पहिल्यांदा नकोच, आरसे नि वायपर हाताळताना बोटं जड वाटतात. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली. तिच्या किटमधले भाग इतके बिनचूक बसतात, की पहिल्या मॉडेलसाठी मी तिच्यापलीकडे बघू नका असंच सांगतो. माझी बहुतेक किट अडीच ते चार हजारांत आली, सगळी ऑनलाइन मागवलेली. पहिलं किट इंजिन नसलेलं, बॉनेट बंद असलेलं निवडा. बॉडीचं प्लास्टिक पांढरं असेल तर उत्तम. लाल प्लास्टिकवर पांढरा रंग मारलात तर खालचा लाल वर झिरपतो आणि गाडी गुलाबी होते.

हत्यारं पुण्यात सहज मिळतात. प्लास्टिकचे भाग चौकटीतून सोडवायला इलेक्ट्रॉनिक्सवाले वायर कापायला वापरतात तो छोटा कटर चालतो, तो तपकीर गल्लीत मिळेल. बारीक कानशी आणि वॉटर पेपर रविवार पेठेत बोहरी आळीत, ब्रश अप्पा बळवंत चौकात. वॉटर पेपर ८००, १००० आणि २००० नंबरचा घ्या. चिकटवायला प्लास्टिकसाठीचा पातळ सिमेंट लागतो, तो प्लास्टिकला थोडं विरघळवून दोन भाग एकजीव करतो. काचांना मात्र तो लावू नका आणि झटपट चिकटणारा सुपरग्लूही नको. त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लास्टिक धुरकट होतं आणि ते परत स्वच्छ करणं फार कष्टाचं असतं. काचांना साधा पांढरा फेविकॉल काडीच्या टोकानं लावा, वाळला की तो दिसेनासा होतो.

आता रंग. एअरब्रश पहिल्या दोन-तीन गाड्यांना लागत नाही, स्प्रे कॅन पुरतो. इथे नवखे हमखास चुकतात. तामियाचे टीएस नावाचे कॅन किटच्या प्लास्टिकसाठी आहेत. पीएस नावाचे कॅन रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहेत, ते आपल्या कामाचे नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला खऱ्या गाडीचा टचअप स्प्रेही थेट प्लास्टिकवर मारू नका, त्यातलं थिनर प्लास्टिकचा पृष्ठभाग खातं आणि बारीक भेगा पडतात.

बॉडी आधी भांड्याच्या साबणानं धुवा, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर तिच्यावर असतो. साच्याच्या जोडरेषा घासून काढा, खड्डा असेल तिथे लांबी (पुटी) भरा, मग अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा हात द्या. अस्तर बसलं की राहिलेले ओरखडे आपोआप दिसायला लागतात. ते घासून मग रंगाचे हात, पहिले दोन इतके हलके की खालचं अस्तर दिसत राहावं. कॅन मारण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवला तर फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच, गॅसजवळ तर कॅन नेऊच नका. शेवटी क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, आणि तो आठवडाभर वाळू द्या.

घासणं मला नाना पेठेतल्या एका गॅरेजमधल्या पेंटरनं शिकवलं. माझी स्कूटर तिथे रंगाला दिली होती आणि मी तासभर उभा राहून बघत होतो. ते दर थोड्या वेळानं खाली वाकून पत्र्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत. नळी सरळ दिसली तर काम झालं, कडा थरथरल्यासारखी दिसली तर अजून पाणी लावून घासायचं. मी घरी अगदी तेच करतो. १/२४ च्या दारावरही ट्यूबलाइट दिसते.

पुण्याच्या हवेबद्दल सविस्तर सांगतो, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये हे कुणी सांगत नाही. माझी तिसरी गाडी गडद निळी होती. जुलैतला रविवार, बाहेर संततधार, गॅलरीत मी शेवटचा हात मारला आणि दोन मिनिटांत गाडीच्या छतावर दुधासारखं पांढरं उमटलं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्या ओल्या रंगावर बसतं. दोन रविवार घासण्यात गेले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी बॉडीला हात लावत नाही, त्या महिन्यांत चासी, सीट, डॅशबोर्ड अशी ब्रशची कामं करतो. एप्रिल-मेच्या दुपारी उलटा त्रास होतो. फवारा बॉडीवर पोहोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी ऊन वर आल्यावर, ही इथली सगळ्यात चांगली वेळ.

वासाचं म्हणाल तर बंद खोलीत स्प्रे मारायचाच नाही. गॅलरीत मोठा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्यात मारा आणि थिनरच्या वाफेसाठी असलेला फिल्टरवाला मास्क घाला. कापडी मास्क वाफ अडवत नाही. घरात लहान मूल असेल तर बॉडी वाळेपर्यंत गॅलरीचं दार बंदच ठेवा.

प्रमाण म्हणजे काय, हे नीट कळायला मला बरीच वर्षं लागली. किटच्या बॉडीचं प्लास्टिक १ मिमी जाड असेल, तर त्या प्रमाणात खऱ्या गाडीचा पत्रा २४ मिमी जाड झाला! म्हणून चाकांवरच्या कमानी आतल्या बाजूनं घासून कडा पातळ करा. कमान कागदासारखी दिसली की मॉडेलचा खेळणेपणा जातो. मेटॅलिक रंगाचंही तसंच, खऱ्या गाडीच्या रंगातली चमकी १/२४ वर वाळूएवढी वाटते, मॉडेलसाठी बनवलेलाच रंग घ्या.

चार-पाच किट झाली की आपल्या घरची गाडी करावीशी वाटेल. आमची १९९४ सालची पांढरी मारुती ८००. तिचं किट मला कुठे मिळालं नाही, म्हणून अर्धा आणि एक मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून ती उभी केली. प्रत्येक माप भागिले चोवीस. खरी गाडी १४४० मिमी रुंद, म्हणजे मॉडेल बरोबर ६० मिमी. लांबी ३३३५, म्हणजे १३९ मिमीच्या आसपास. चाकांनी फार अडवलं. १४५/७० आर १२ हा टायर १/२४ मध्ये जेमतेम २१ मिमी व्यासाचा होतो, किटमधले टायर त्याहून बरेच मोठे असतात, आणि ते लावले की मारुती लगेच परकी दिसते. शेवटी रविवार पेठेतून नळाची तीन-तीन मिलिमीटर जाडीची रबरी वॉशरं आणली. दोन एकत्र चिकटवली की ६ मिमी, म्हणजे टायरची १४५ मिमी रुंदी भागिले २४. ती ड्रिलमध्ये फिरवून वॉटर पेपरनं गोल केली.

सात महिन्यांनी गाडी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर सरकवून चहूबाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "अरे, आपल्या गाडीला डावीकडचा आरसा नव्हता." जुना अल्बम काढून पाहिलं, खरंच नव्हता. त्या ऑक्टोबरात मी तो आरसा कापला, भोकात लांबी भरली, दार घासलं आणि पुन्हा रंगवलं.