वाचकांचे प्रश्न : स्टोइक सद्गुण आणि रोजचा दिवस

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी आहे. प्राचीन ग्रीस-रोममधल्या स्टोइक तत्त्वज्ञानाविषयी वाचल्यापासून विवेक, धैर्य, न्याय आणि संयम हे चार सद्गुण वहीच्या पहिल्या पानावर लिहून रोज सकाळी त्यांचा संकल्प करतो. परंतु माझा चुलतभाऊ दरवर्षी वखरणीच्या वेळी धुरा (शेताचा बांध) थोडाथोडा माझ्या वावरात सरकवतो आणि तो समोर दिसला की संकल्प तिथेच संपतो. सद्गुणांची सवय लावायची कशी? आणि बाहेरच्या गोष्टी आपल्या हातात नाहीत असे हे तत्त्वज्ञान सांगत असेल, तर धुरा सोडून द्यावा असा त्याचा अर्थ घ्यायचा का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण या गैरसमजापायी अनेक जण हे तत्त्वज्ञान स्वीकारतात किंवा टाकून देतात. जमीन, पीक, पैसा आणि प्रकृती यांना स्टोइक विचारवंत स्वतंत्रपणे चांगले किंवा वाईट म्हणत नाहीत, पण या गोष्टी निवडण्याजोग्या आहेत असे ते मानतात. म्हणजे त्यांच्यासाठी प्रयत्न अवश्य करावा, मात्र त्या प्रयत्नात आपले आचरण बिघडू देऊ नये. त्यामुळे भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करणे, शुल्क भरणे आणि मोजणीच्या दिवशी हजर राहणे हे सर्व आपले काम आहे. लगतच्या खातेदाराला नोटीस जातेच, पण ती पोहोचण्याची वाट न पाहता आपण स्वतः भावाच्या घरी जाऊन तारीख सांगितलीत, तर धैर्य आणि न्याय हे दोन्ही त्या एका फेरीत येतात. मोजणीत काय निघेल, तो ते मानेल की नाही आणि गावात कोण काय बोलेल, हे आपल्या हातात नाही. भांडण नको म्हणून गप्प बसणे आणि त्याला संयम म्हणणे, ही माझ्या मते सोयीची समजूत आहे.

आता सवयीविषयी. गुलामगिरीतून मुक्त होऊन पुढे ग्रीसमधल्या निकोपोलिस येथे शिकवणारा स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगतो, की प्रत्येक सवय तिला अनुरूप अशा कृतीनेच टिकते आणि वाढते. चालणे चालण्याने वाढते आणि राग रागावण्याने, म्हणून एकदा संतापलो एवढ्यावर तो प्रसंग मिटत नाही, पुढच्या संतापाला त्याने बळ दिलेले असते. यावर त्याने सुचवलेला उपाय अगदी हिशेबी आहे. आधी मी रोज रागावत असे, मग दिवसाआड, मग तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, असे मोजत जावे आणि तीस दिवस रागाविना गेले तर देवापुढे नैवेद्य ठेवावा. आपल्या वहीतले चार शब्द फार मोठे आहेत आणि ते कोणत्या क्षणी लागू करायचे हे त्यांत कुठेच लिहिलेले नाही. त्याऐवजी ‘भाऊ धुऱ्यावर दिसला तर पहिले वाक्य मी कोणते बोलेन’ एवढेच सकाळी ठरवा. आवाज चढला की नाही हे मोजता येते. संयम वाढला की नाही हे मोजता येत नाही.

इ.स. १६१ ते १८० या काळात रोमचा सम्राट असलेल्या मार्कस ऑरेलियसच्या टिपणांत दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभी अशीच सकाळची तयारी आहे : आज मला लुडबुड्ये, कृतघ्न आणि उर्मट लोक भेटतील. लोक एवढेच लक्षात ठेवतात आणि जगाविषयी वाईट बोलण्याचा परवाना मिळाल्यासारखे वागतात. पुढे तो म्हणतो, की ही माणसे माझी नातलग आहेत. रक्ताने नव्हे, तर एकाच बुद्धीचे वाटेकरी म्हणून. आपल्या बाबतीत तर रक्ताचेही नाते आहे, म्हणून हा दुसरा भागच वहीत लिहावा असे मी सुचवीन.

रात्रीच्या वेळेसाठी सेनेका या रोमन स्टोइक लेखकाने सेक्स्टियस या आधीच्या तत्त्वज्ञाचे तीन प्रश्न दिले आहेत : आज कोणती वाईट खोड सुधारली, कोणत्या दोषाला विरोध केला आणि कोणत्या बाबतीत मी सुधारलो? दिवा बाजूला नेला आणि पत्नी शांत झाली, की सेनेका स्वतःचा सगळा दिवस तपासत असे. त्यात तो काही लपवत नसे, पण स्वतःला छळतही नसे. या वेळी क्षमा करतो, पुन्हा असे करू नकोस, असे तो स्वतःला सांगे. आपल्या गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथून परतल्यावरची दहा मिनिटे या कामी पुरतील.

शेवटी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी लिहितो. स्टोइक मताप्रमाणे चार सद्गुण सुटे मिळत नाहीत. धुऱ्यावर शांत राहणारा शेतकरी कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी बाजाराच्या दिवशी देत नसेल आणि ‘चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) आला की देतो’ म्हणून पुढे ढकलत असेल, तर त्याच्या शांतपणाला सद्गुण म्हणता येणार नाही. वहीत मजुरीसाठीही एक ओळ असावी.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि बचत गटाची सदस्य आहे. पहाटे उठून स्वयंपाक, मग दिवसभर निंदण, पुन्हा संध्याकाळी चूल. वही लिहायला वेळ कुठून आणू? हे सगळे रिकाम्या वेळेच्या पुरुषांसाठी आहे का?

उत्तर : वही नसली तरी चालते. एपिक्टेटसने स्वतः काही लिहिल्याचे आढळत नाही. त्याचे बोलणे एरियन या शिष्याने उतरवून ठेवले. त्याचा गुरू मुसोनियस रूफस तर मुलींना सद्गुणाचे शिक्षण मुलांसारखेच मिळावे आणि स्त्रियांनीही तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावा असे स्पष्ट सांगत असे. तत्त्वज्ञाला साजेसा उपजीविकेचा मार्ग म्हणून त्याने शेतीची शिफारस केली होती. शरीर आणि मन या दोघांच्या घडणीसाठी ऊन, थंडी, तहान, साधे अन्न आणि कठीण अंथरूण यांची सवय करावी असे तो शिकवी.

यातली बहुतेक शिस्त आपल्या वाट्याला न मागता आलेली आहे. म्हणून आपल्याला सहनशीलतेचा आणखी एक धडा देणे मला अन्यायाचे वाटते. सोसणाऱ्यालाच संयम शिकवण्याची आपल्याकडे फार जुनी हौस आहे. आपण अभ्यासासाठी धैर्य आणि न्याय निवडावेत. गटाच्या बैठकीत कर्जवाटपाचा हिशेब नीट वाचून दाखवावा असे दर वेळी म्हणणे, न कळलेल्या ठरावावर सही न करणे, घरात मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा विषय टाळला जात असेल तर तो पुन्हा काढणे, यांपैकी एक गोष्ट धरून ठेवली तरी ती सवय होईल. दिवसाचा आढावा निंदणाच्या ओळीत हात चालू असतानाही घेता येतो.

प्रश्न : काढणीला आलेले सोयाबीन पावसात भिजून शेंगांतच कोंब फुटले. मला रडू आले. इतका अभ्यास करूनही असे झाले, म्हणजे तो वाया गेला का? (बुलडाणा जिल्हा)

उत्तर : नाही. औलस गेलियस या रोमन लेखकाने एका स्टोइक तत्त्वज्ञाची हकीकत दिली आहे. समुद्रात वादळ उठले तेव्हा तो तत्त्वज्ञही इतरांसारखाच पांढराफटक पडला. पुढे विचारल्यावर त्याने एपिक्टेटसच्या उतरवून ठेवलेल्या प्रवचनांचा ग्रंथ काढून दाखवला : अचानक आघात झाला की शहाण्याचेही मन क्षणभर हलते आणि ते त्याच्या इच्छेवर नसते, ‘आता सर्वस्व गेले’ या विचाराला तो संमती देत नाही, एवढाच फरक. आपले रडू हा पहिला धक्का आहे. पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे जाणे, विमा काढला असेल तर मुदतीत नुकसानीची सूचना देणे आणि भिजलेल्या मालातून काय वाचते ते पाहणे, या कामांत आपला अभ्यास दिसेल. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर ते एकट्याने तत्त्वज्ञानाच्या बळावर निभावण्याचे प्रकरण नव्हे. घरच्यांशी बोलावे, डॉक्टरांना भेटावे. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.