निम्मे गाव जाधवांचे, त्यातले आपले कोणते?

प्रश्न : आमचे आडनाव जाधव, मूळ गाव कराड तालुक्यातले. तिथे निम्मे गाव जाधवांचेच आहे. पणजोबा दगडू रामा जाधव, याखेरीज काही ठाऊक नाही. १९०१ किंवा १९११ च्या जनगणनेत त्यांची नोंद सापडेल का? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : जनगणनेचा नाद सोडा. इंग्लंडात १९२१ पर्यंतच्या जनगणनेत घरोघरची नावे पाहता येतात, म्हणून आपल्याकडेही ती असतील असे वाटते. आपल्याकडे १८७२ पासूनच्या शिरगणतीचे तक्ते तेवढे जपले गेले : तालुक्यात माणसे किती, जात कोणती, साक्षर किती. नावानिशीचे कागद जपलेले नाहीत. १९४८ च्या कायद्यानुसार पुढच्या जनगणनांचे कागदही कोणाला पाहू देत नाहीत.

नावे सापडतात ती महसूल दप्तरात. तिथे आडनाव घेऊन गेलात तर हरवाल. जमिनीचा नंबर घेऊन जा. आजच्या गट नंबरावरून जमिनींच्या एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर काढा. ती जुळवणी भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. मग जुन्या सातबारावर वर्तुळात लिहिलेले फेरफार (म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) क्रमांक टिपून एकेक फेरफार काढत मागे जा. वारसाच्या फेरफारात मयत कोण, मुलगे किती, विधवा कोण हे एकत्र मिळते. दोन खुणा मात्र नीट वाचा. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीचे भाऊ कागदावर दिसत नाहीत, म्हणून ते नव्हतेच असे धरू नका. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीन वारसाचा, पालनकर्ता. तो पुष्कळदा चुलता असतो, आणि वंशावळीत त्यालाच बाप म्हणून बसवले जाते.

यानंतर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही), मागा. अर्जात गाव आणि चार-पाच वर्षांचा टप्पा लिहा. ‘आमच्या घराण्याच्या सर्व नोंदी’ असे मोघम मागितले तर हाती काही लागत नाही. गाव खुर्द की बुद्रुक, तेही लिहा. जुनी पाने बहुधा मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दही सलग लिहिलेले, त्यामुळे वाचायला जाणकार हवा. नोंद ‘दगडू बिन रामा’ (रामाचा मुलगा दगडू) एवढीच असते, आडनाव पुष्कळदा नसतेच.

खरा घोटाळा इथे होतो. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत, म्हणून ‘दगडू बिन रामा’ एक पिढी सोडून पुन्हा उगवतो, आणि शेजारच्या भावकीतही एखादा असतोच. नाव, बापाचे नाव आणि सर्व्हे नंबर अशा तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय माणूस आपला मानू नये. मृत्यूच्या नोंदीतले वय अंदाजे लिहिलेले असते. पाच-दहा वर्षांचा फरक पडला तरी तेवढ्यावरून नोंद बाद करू नका.

प्रश्न : आमची जमीनच नव्हती. मग? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : कोतवाल बुकात भूमिहीनांचेही जन्म-मृत्यू आहेत, तिथूनच सुरुवात करा. जोडीला गावच्या प्राथमिक शाळेचे जुने जनरल रजिस्टर पाहा. जन्मतारीख १ जून दिसली तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली असते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे यात्रेला आलेल्यांची नामावळी असते. जाताना गाव, जात आणि आजोबांचे नाव सांगता आले पाहिजे. तुमच्या भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी जपणारे फिरस्ते, येत असतील तर त्यांच्या वहीतही घराण्याच्या पिढ्या असतात. ते ठरावीक मोसमात फिरतात, कधी येतात हे गावातल्या वयस्करांना विचारा.