कंपासपेटीतलं पाकीट

"मॅडम, त्याने काही केलं असेल का हो?" खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्या ताईंनी विचारलं आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. कंडोमचं न फोडलेलं पाकीट. मुलगा दहावीत, वय १५. पेन्सिल शोधायला त्याची कंपासपेटी उघडली, तर आतल्या पत्र्याखाली हे दडवलेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला ओंकार म्हणू.)

त्या संध्याकाळी वडिलांनी दोन थोबाडीत दिल्या, फोन काढून घेतला, क्लास बंद केला. आजीला सांगितलं, "अभ्यास करत नाही म्हणून." चार दिवस मुलगा ताट घेऊन खोलीत जात होता.

"तुम्ही त्याला काय विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारलं ना. केलंस का, खरं सांग, म्हणून."

माझ्याकडे या काळजीने येणारे बहुतेक पालक हाच प्रश्न विचारून आलेले असतात. आईबाप समोर उभे, आवाज चढलेला, अशा वेळी पंधरा वर्षांचं पोर "नाही"शिवाय दुसरं काय म्हणणार? काही घडलेलं असो वा नसो. पालकांची शंका जिथल्या तिथे राहते आणि मुलाला एवढंच कळतं की या घरात हा विषय काढायचा नाही.

ओंकार आला तेव्हा मी आधी कायद्याचं सांगितलं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या कुणाचीही संमती ही संमती धरत नाही, मग दोघं एकाच वयाची का असेनात. आणि असं काही घडल्याचं कळलं, तर कलम १९ नुसार ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. हे आधीच सांगितलं तर मूल बोलणारच नाही, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. मला ते पटत नाही. त्याला बोलतं करून मग नियम सांगणं हा विश्वासघात झाला.

तो बराच वेळ घड्याळाचा पट्टा काढत-घालत राहिला. मग हळूहळू बोलला. क्लासमधल्या पोरांत पैज लागली होती. ज्याच्याकडे पाकीट नाही तो 'बच्चा'. क्लासमधली एक मुलगी त्याला आवडते, दोघं चॅट करतात, त्यापुढे काही नाही. पण मित्र सांगतात, मुली आधी लाजतातच, आपण पुढाकार घ्यायचा.

"मॅडम, ती गप्प बसली तर हो समजायचं का?"

इतक्या वर्षांनंतरही हा प्रश्न माझ्या कानात आहे. घरात चार दिवस पाकिटावरून रणकंदन चाललं होतं आणि मुलाच्या मनात हे होतं. विचारायला घरातलं एकही मोठं माणूस नव्हतं, म्हणून उत्तर पोरांकडून आलं होतं, तेही धोक्याचं.

मी त्याला सांगितलं, गप्प बसणं म्हणजे होकार नाही. घाबरलेलं माणूसही गप्पच बसतं. ती मागे सरकली, तिने विषय बदलला, नंतर रिप्लाय दिला नाही, हे सगळे नकारच. आणि या वयात तिने तोंडाने "हो" म्हटलं तरी कायद्यापुढे तो होकार नाही. हे ऐकून त्याने पट्टा एकदाचा घट्ट बांधला.

"बरं झालं मुलगा आहे, मुलगी असती तर..." ताई जाताना म्हणाल्या. मी त्यांना परत बसवलं. अशा प्रकरणांत तक्रार झाली की आरोपी म्हणून बहुतेकदा मुलाचंच नाव येतं. १८ च्या आतला असेल तर बाल न्याय मंडळापुढे उभं राहावं लागतं. १६ पूर्ण झालेल्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर त्याला प्रौढासारखं न्यायालयात उभं करायचं का याचीही तपासणी होऊ शकते. मुलगा म्हणून निर्धास्त राहण्यासारखं काही नाही.

मुलांशी बोललं की त्यांच्या डोक्यात नको ते शिरतं, ही भीती आपल्याकडे जुनी आहे. २००७ मध्ये शालेय लैंगिक शिक्षणावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! युनेस्कोने २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरचे अभ्यास तपासून म्हटलं आहे की अशा शिक्षणामुळे मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत. माझा अनुभवही तोच.

वडिलांना दुसऱ्या आठवड्यात बोलावलं. "मी काय बोलू मॅडम? माझ्याशी कधी कोण बोललं?" ते म्हणाले. मी म्हटलं, आधी थोबाडीत मारल्याबद्दल माफी मागा. समोरासमोर बसवू नका, काहीतरी काम करता करता बोला. आणि दोन गोष्टी एका दमात सांगा. पहिली, "या वयात हे नको असं आम्हाला वाटतं, आणि का ते सांगतो." दुसरी, "तरीही कधी काही घडलं, भीती वाटली, कुणी फोटो मागितले, तर रात्री दोनला उठव मला." नुसतं पहिलं सांगणारे पालक मुलासाठी घर परकं करतात. नुसतं दुसरं सांगणारेही चुकतात, कारण आईबापांना काय वाटतं हे मुलांना ऐकायचं असतं.

त्या मुलीच्या घरी फोन करायचा त्यांचा विचार होता. तो मी थांबवला. चॅटपुढे काही नव्हतं आणि एका फोनने तिची शाळा सुटली असती.

मात्र समोरची व्यक्ती वयाने मोठी असेल, भेटवस्तू देत असेल, फोटोंवरून धमकावत असेल, तर ते प्रेमप्रकरण नव्हे, शोषण आहे. तिथे मुलाला एका शब्दाने दोष न देता लगेच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. संबंध घडलेच असतील तर घरात रडारड करण्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गर्भधारणा टाळण्याच्या तातडीच्या गोळ्या सहसा ७२ तासांच्या आत घ्याव्या लागतात. दिवस राहिले असतील तर दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून परस्पर देणं मुलीच्या जिवावर बेतू शकतं. बदनामीच्या भीतीने पालक तेच करतात. अल्पवयीन मुलीच्या गर्भपातात, तिने व पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरांनी पोलिसांना तिची ओळख सांगायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

महिन्याभराने ताईंचा फोन आला. रविवारी बापलेक दळण आणायला गेले होते. वाटेत ओंकारने विचारलं, "बाबा, शाळेत तुम्हाला कुणी आवडायचं का?" गिरणी घरापासून पाच मिनिटांवर आहे. दोघं पाऊण तासाने परतले.